पुसली जाणारी अक्षरं

कल्पना करा, तुम्ही दोन तास बसून निबंध टाइप केलाय. आता हात मांडीवर आहेत, तरी पडद्यावरची अक्षरं शेवटापासून एकेक पुसली जातायत.

शाळेच्या संगणक खोलीत शाल्मलीचं तसंच झालं. तिने माउस हलवून पाहिला. अक्षरं जातच राहिली, आणि निबंध आजच स्पर्धेला पाठवायचा होता.

"भूत आहे," शेजारची जुई म्हणाली.

"परवाच तर दसऱ्याची पूजा केली या संगणकाची. भूत कसं येईल?"

मी त्यांचा संगणकाचा शिक्षक, मागेच उभा होतो. शाल्मलीला म्हणालो, "पोरी, गोंधळू नकोस. पुसायचं काम कुठली कळ करते?"

तिने बॅकस्पेस पाहिली. कळ दबलेलीच होती, फटीत पूजेची अक्षत अडकलेली. तिने केसांतल्या पिनेने दाणा काढला, मग कंट्रोल धरून झेड दाबत राहिली. निबंध परत आला.

तिने तो आधी सेव्ह केला, आणि मगच रडली.