साइड कव्हरची आतली बाजू

शेजारच्या रूपालीने पार्किंगमध्ये मोटारसायकलचं साइड कव्हर काढलं आणि उलटं करून अवंतीच्या हातात दिलं. “सांभाळून, ताई. आत काकांचं रीडिंग आहे.”

आतल्या पत्र्यावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर बॉलपेनने तारखा आणि बॅटरीचे व्होल्ट, एकाखाली एक. अवंतीच्या बाबांचे आकडे बारीक, डावीकडे कललेले. मधूनमधून दुसरंच अक्षर होतं, मोठं, गोल, शाळकरी. रूपालीने आपणहून सांगितलं की ती सातवीत असताना काका तिला रीडिंग लिहायला रविवारी पार्किंगमध्ये बोलावून घ्यायचे.

रविवारी सकाळी अवंतीची शिकवणी असे. बाबा तिला याच गाडीवरून सोडून परत येत.

बाबांना जाऊन महिना झाला होता. आई आजच म्हणाली होती, गाडी दुरुस्त झाली तर रूपालीला देऊन टाकू, तिला मकरपुऱ्याला कारखान्यात जायला होईल. तुला कुठे चालवता येते.

बॅटरी कालच दुकानातून चार्ज करून आणली होती, पण गाडी चालू असताना ती भरत नव्हती. रेस दिली तरी व्होल्टमीटरचा आकडा बारा पॉइंट तीनच्या वर सरकत नव्हता; चौदाच्या आसपास जायला हवा होता. त्यामुळे इंडिकेटरचा पिवळा उजेडही समोरच्या भिंतीवर मंदपणे लागत होता, विझत होता. रूपालीने इंजिन बंद केलं आणि वायर बोटांनी चाचपत नेली, डोळे मिटून. बाबा तसेच करत.

“काका सांगायचे, आधी कनेक्टर बघायचा.”

“काका काका चाललंय तुझं,” अवंती म्हणाली. “मला त्यांनी कधी पाना धरायला दिला नाही.”

“तू कधी मागितलास?”

इंजिनाकडून येणाऱ्या वायरींचा कनेक्टर भाजून काळा पडला होता. रूपालीने तो कापून टाकला, वायरी थेट जोडल्या, वर टेप गुंडाळली. मग मीटर अवंतीकडे दिला, दोन्ही टोकं बॅटरीला कशी टेकवायची ते दाखवलं, आणि स्वतः हँडलपाशी गेली.

“चालो बेन,” ती गाडीला गुजरातीत म्हणाली. किक मारली. रेस दिली. “किती?”

मीटरवर चौदा पॉइंट एक होतं. आकडा हलत नव्हता.

“बारा पॉइंट तीन,” अवंती म्हणाली.

रूपालीने पुन्हा रेस दिली, पुन्हा विचारलं. अवंतीने पुन्हा तेच सांगितलं. रूपालीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग हँडल सोडून चिंधीला हात पुसले.

“म्हणजे अजून फॉल्ट आहे. मग मी नाही नेत. राहू दे इथेच.” तिने खिशातलं बॉलपेन काढून पुढे केलं. “पट्टीवर तेवढं लिहून ठेव. जो मीटर वाचेल त्याने लिहायचं, असं होतं काकांचं.”

अवंतीने कव्हर मांडीवर घेतलं. शेवटची नोंद बाबांची होती, जाण्याच्या काही दिवस आधीची, नऊ नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव. बारा पॉइंट सहा, रेसवर तेरा पॉइंट नऊ. खाली एका ओळीची जागा उरली होती. तिने आजची तारीख घातली. पेन तिथेच टेकवून ती बसून राहिली. वरून आईने विचारलं, झालं का गं.

मग अवंतीने आकडा लिहिला. चौदा पॉइंट एक.

रूपालीने कव्हर घेतलं आणि न वाचताच जागेवर दाबून बसवलं. इंजिन अजून चालू होतं. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड भराभर, लख्ख लागत होता.

“इंडिकेटर चालू राहिलाय,” अवंती म्हणाली.

“हो,” रूपाली म्हणाली. “मघापासून बघतेय.”