मेतवल्लीची इस्त्री

टोपली खाली सोडून दहा मिनिटं झाली, तरी खालून हसू आलं नाही. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत दोरी धरून उभा असलेला हिल्मी कठड्यावरून खाली वाकला.

भाजी-पाव वर ओढून घ्यायला शुब्रा वस्तीत घरोघरी अशी टोपली असते. हिल्मी गेली तीस वर्षं तिच्यातून आपली व्यंगचित्रं खाली धाडतोय. खाली मेतवल्लीचं इस्त्रीचं दुकान. मेतवल्लीला अक्षरओळख नाही, म्हणून हिल्मीच्या चित्रात एकही शब्द नसतो. तो हसला तर चित्र वर्तमानपत्राकडे, नाही हसला तर केरात. संपादकाचा नंबर त्याच्यानंतर. या रिवाजाने हिल्मीचं भलंच झालं होतं.

पण आज चित्रात मेतवल्लीच होता. त्याच झुबकेदार मिशा, तेच सुटलेलं पोट. पठ्ठ्याने अख्ख्या गल्लीला इस्त्री मारलेली. रस्ता सपाट, मांजर सपाट, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या गायब. अंगातला स्वतःचा पायघोळ गलाबिया तेवढा गळ्यापासून घोट्यापर्यंत चुरगळलेला.

"गरिबाची थट्टा केलीत," आतून त्याची बायको इनायत म्हणाली. "आता बोलायचा नाही तो तुमच्याशी."

"थट्टा कुठली गं? जीव आहे माझा त्याच्यावर, म्हणून तर काढला."

"हे त्याला कोण सांगणार?"

हिल्मीने दोरी ओढली. टोपली रिकामीच आली. तो पायात सपाता सरकवून बायकोला न सांगता जिना उतरू लागला. चित्रं काय, आणखी हजार होतील. तीस वर्षांच्या सोबतीचा माणूस पुन्हा कुठून आणायचा?

दुकानात मेतवल्ली नुसत्या बनियनवर उभा होता. चित्र भिंतीला टाचलेलं. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून त्याने टेबलावर आपलाच गलाबिया पसरला होता, आणि तोंडातल्या पाण्याचा फवारा मारून त्यावर जोर लावून इस्त्री फिरवत होता.

"चुकलं माझं, मेतवल्ली," हिल्मी म्हणाला. "दे इकडे, फाडून टाकतो."

"हात नका लावू उस्ताद." मेतवल्लीने मान वर केली नाही. "छापून कधी येणार?"

"उद्या. म्हणजे… आवडलं तुला?"

"उद्या अख्खा शुब्रा येणार मला बघायला. त्यांच्यासमोर हा असा बोळा होऊन बसू?"

हिल्मीचा जीव भांड्यात पडला. तो स्टुलावर टेकला, घाम पुसला, आणि मग त्याच्यातला चित्रकार जागा झाला.

"बाकी ठीक आहे रे. पण लोक म्हणतील, हिल्मीने खोटं काढलं."

मेतवल्लीची इस्त्री थांबली. त्याने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग टेबलावरच्या गलाबियाकडे. कडक, पांढराशुभ्र, दुकान काढल्यापासून पहिल्यांदाच. एक उसासा टाकून त्याने तो दोन्ही हातांनी चांगला चुरगळला आणि अंगात घातला.