हो की नाही

चंद्रावतीचं ते पत्र विठूला अजून पाठ होतं. 'घरी लग्नाचं चाललंय. मी तुम्हाला मनापासून आवडते का? हो की नाही, एवढंच कळवा.'

तेव्हा तो साखळी गावच्या शाळेत ग्रंथपाल होता. रोज उत्तर लिहायचा, रोज फाडायचा. आपल्या हातून काही धड लिहून होईल, असं त्याला कधी वाटलंच नाही. तेवढ्यात तिचं लग्न झालं. मांडवात विठू सगळा वेळ मान खाली घालून होता.

आता चंद्रावती डिचोलीच्या रुग्णालयात होती. जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. बरा होणार नव्हता. पण औषधाची मात्रा जमली, दुखणं आवरलं, आणि कालपरवापर्यंत कण्हणारी बाई आता सगळ्या वॉर्डाला हसवत होती. म्हापशाला गाडी बदलून विठू रोज यायचा.

तो चमच्याने पेज भरवत होता. नवी नर्स क्षमा औषध घेऊन आली.

"आजोबा, तुम्ही आजींचे कोण?"

विठूचे कान लाल झाले.

"त्यांना काय विचारतेस गो?" चंद्रावती म्हणाली. "मी पत्र पाठवलं, त्यांनी अजून उत्तर दिलं नाही. ते कसले बोलतायत!"

"अगो बाई! कधीचं पत्र?"

"तुझी आई परकरात होती तेव्हाचं."

क्षमा हसत सुटली. विठूने चमचा खाली ठेवला. "आत्ता सांगू?"

"तोंडी नको. पत्राला पत्रच हवं. पोस्टमनने दारात हाक मारून द्यायला हवं."

"पण ते पोचेपर्यंत..." विठू अडखळला.

"तोवर मी आहे. उद्या घरी सोडतायत, पुढे नर्स घरी येऊन बघणार. तुम्ही तेवढं आज फाडू नका!"

बाहेरच्या बाकावर बसून त्याने उत्तर लिहिलं. एक शब्द खोडावासा वाटला. खोडला नाही.

पोस्टात काउंटरवर बसलेल्या सुविधाने शिक्का मारता मारता पत्ता वाचला, "चंद्रावती गांवस, पार्से, पेडणे." मग पाकीट उलटून ती थबकली. "आजोबा, पाठवणारेही गांवस? आणि घरही तेच?"

"तेच," विठू म्हणाला. "उद्या बायकोला घरी नेतोय. पत्र मागाहून येऊ दे."