पांढरी जास्वंद

कुंडीतली लाल जास्वंद आज पांढरी फुललेली पाहून मृदुलानं नवऱ्याला घाईनं अंगणात बोलावलं. ज्याच्या रक्तावर रोप वाढवलंय, त्याला आजार जडला की फूल पांढरं येतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!"

"माझं रोप तू पाणी घालघालून कुजवलंस ना?" नवरा म्हणाला. "ही तर त्याच कुंडीत नंतर लावलेली, शेजारच्या कुमुदताईंच्या झाडाची फांदी."

मृदुलानं कुंपणापलीकडे पाहिलं. फांदी कुठंही रुजवा, ती मूळ माणसाचीच राहते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कुमुदताईंनी हाक मारली, "मृदुला, आमची जास्वंद उन्हानं पार वाळली गं. तुझ्याकडची फांदी देशील? आणि गणपतीला एक लाल फूलही दे."

मृदुलानं फूल खुडून पदराखाली लपवलं.

"आज फुललीच नाही हो, ताई."