सगळे बाण माझ्याकडे

"बाबा, तुम्ही आईशी सरळ का बोलत नाही?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून जेवताना विचारूनच टाकलं!

शाळेच्या प्रकल्पासाठी मी आमच्या धंद्याचं चित्र काढलं होतं. एकीकडे बाबांचा मांडव, दुसरीकडे आईचं केटरिंग, आणि कोण कोणाला निरोप देतं त्याचे बाण. आईबाबांमध्ये एकही बाण नव्हता, सगळे माझ्यातूनच जात होते. मी गेले तर धंदाच मुका होईल, म्हणून हँडबॉलच्या शिबिरालाही नकार कळवणार होते.

बाबा ताटात बघत म्हणाले, "आईला सांग, आमटी झकास झालीय."

आई त्यांच्या शेजारीच बसली होती. "त्यांना म्हणावं, अजून घ्या."

"परवा मी शिबिराला चाललेय," मी म्हटलं. "एकमेकांचे नंबर हवे असतील, तर आत्ताच मागा."