कोकिळाच्या तोंडचा पेढा

सुनंदाबाईनं खोक्यातून पेढा उचलला आणि भिकुबाई जागची अर्धी उठली.

ठरलं होतं ते साखरेचं. मध्यस्थ तोतारामकडून भिकुबाईनं चारदा निरोप धाडला होता, "साखरपुडा म्हणजे साखरच. पेढेबिढे आणू नका, आमच्यात चालत नाही." देवपूरची माणसं मॅटॅडोर भरून सावद्याला आली, ओटी भरून झाली, साडी देऊन झाली, आणि आता नातीची होणारी सासू तिच्यापुढं पेढा घेऊन बसली होती.

कोकिळाला दूध चालत नव्हतं. आवडत नव्हतं असं नाही, चालत नव्हतं. तीन वर्षांची असताना वाटीभर खरवस खाल्ला, तर तोंड सुजून डोळे मिटले आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. पुढं दाण्याच्या चटणीनं तेच. डॉक्टर म्हणाले, दूध-दही-तूप-ताक बंद, शेंगदाणा बंद. चुकून पोटात गेलं तर पोरगी हातची जाईल. घर माळकरी, अंडं-मटण उंबऱ्याबाहेर. "मग खाऊ काय घालू हिला, माती?" भिकुबाईनं डॉक्टरलाच विचारलं होतं. दावणीला चार म्हशी, आणि नातीला ताकाचा थेंब नाही!

डॉक्टरांनी लिहून दिलेलं तिला वाचता येईना, म्हणून तिनं ते पाठ केलं. ज्वारीत उडीद घालून कळणं दळलं. तूर, मूग, मटकी पाळीपाळीनं शिजवली. मेथी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, बाजरी, केळी. पोरीचा तवा वेगळा, पाटा वेगळा. त्या खाण्यावर एकोणीस वर्षांची कोकिळा अशी उभी राहिली की डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढायची आणि वर येऊन गाणं म्हणायची.

फैजपूरच्या स्थळाला खरं सांगितलं होतं. त्यांच्यातली म्हातारी तोंडावर बोलून गेली, "जिला दूधच चालत नाही, ती लेकराला काय पाजणार?" स्थळ मोडलं. त्याच दिवशी भिकुबाईनं सुनेला समोर उभं केलं. सून म्हणजे कोकिळाची आई, बेबाबाई. वीस वर्षांत सासूसमोर वर मान करून बोलली नव्हती.

"याउप्पर या घरातून एक अक्षर बाहेर गेलं, तर माझ्याशी गाठ आहे."

"पण आत्याबाई, लग्नानंतर..."

"लग्नानंतरचं मी बघून घेईन."

काय बघणार होती? तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इथं ती होती. देवपुरात पोरीचा तवा कोण वेगळा ठेवणार? महिनाभर हाच विचार तिच्या मानगुटीवर बसला होता.

पेढा पुढं येत होता. भिकुबाईनं सुनेकडं पाहिलं. बेबाबाई दाराला टेकून पदर सावरत उभी, जशी काही पोरगी शेजारणीची. दगड आहे नुसता! कोकिळानं तर शहाण्यासारखं तोंडही उघडलं. ओरडावं तर स्थळ गेलं. गप्प बसावं तर पोरगी गेली. भरल्या ओसरीत, इतक्या बायांसमोर, जन्मभर हुकूम सोडणाऱ्या भिकुबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

हात मात्र निघाला. तिनं झडप घालून पेढा हिसकला आणि आपल्याच तोंडात कोंबला.

मग कोणीतरी फिसकन हसलं.

"अगं बया! म्हातारीनं पोरीच्या तोंडातला घास पळवला की!" नवऱ्या मुलाची मावशी, इंदिराबाई, पदरात तोंड खुपसून म्हणाली. "दारात चार म्हशी, तरी पेढ्यावरची वासना जाईना!"

बाया खदखदल्या. भिकुबाईचे कान तापले. जिनं कधी कोणाच्या घरी मागून पाणी प्यायलं नव्हतं, ती आज हावरट ठरली. ठरू दे. पण खोक्यात अजून पेढे होते. आज इथं हिसकून खाल्ला. उद्या देवपुरात कोणाकोणाच्या हातातून हिसकणार होती?

चघळता चघळता तिची जीभ थांबली. चाळीस वर्षं धारा काढल्या होत्या तिनं. दुधात कोणी पेलाभर पाणी घातलं तरी तिची जीभ चोर पकडायची. या पेढ्यात खवा नव्हता. दुधाचा लवलेश नव्हता. खोबरं होतं, साखर होती, वेलदोडा होता.

तिनं मान वर केली. सगळ्या बायांत एकटी सुनंदाबाई हसत नव्हती. तिनं दुसरा पेढा उचलला आणि सावकाश कोकिळाला भरवला. कोकिळा तो खाऊ लागली. मग इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून सुनंदाबाई भिकुबाईच्या कानाशी वाकली.

"तुमनी सून आमना घर यीसन दूध-दाणानं बठ्ठं सांगी गयी, अक्का," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "महिना व्हयना, शेंगदाणानं तेल आमना घरमा येत नही."