दप्तरखान्यातलं रडणं

सोलापुरातल्या मठाच्या दप्तरखान्यात हे कारकून आहेत. तिथल्या कागदांना बाईचा हात चालत नाही. ते बांधायचे लाल रुमाल मात्र मीच शिवते, सुमी निजली की.

आज दुपारी रुमाल द्यायला गेले, तर फळीवरच्या एका गठ्ठ्यातून तान्हं मूल रडत होतं.

“अहो, ही तर आपली सुमी!”

“तुला पातेल्यातसुद्धा सुमीच ऐकू येते,” हे हसले.

“तेवढा गठ्ठा सोडून बघा की.”

“बायकोच्या सांगण्यावरून मठाचं दप्तर सोडू? जा घरी.” त्यांनी दाराला कुलूप घातलं.

घर मठाला लागूनच. मी धावत आले. झोळीत सुमी जागी होती, तोंड उघडून, लालबुंद होऊन रडत होती. मी तिला छातीशी धरलं. हुंदक्यांनी तिचं इवलं अंग हलत होतं, आणि आवाज भिंतीपलीकडून येत होता.